ओव्हन नाही, एकच शेगडी, त्यात पावसाळा : केक मध्येच बसतो आणि वरून ओला राहतो

भाड्याची_खोली (प्रश्न)

मुक्काम रत्नागिरी, विद्यार्थ्यांची खोली. सामान असं : एक शेगडी, पाच किलोचं सिलिंडर, ५ लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर, जाड बुडाचा एक मोठा टोप, लोखंडी तवा आणि ६ इंची केकचं भांडं. फ्रीज नाही, वजनकाटा नाही, मिक्सर आहे. या प्रयोगांसाठी महिन्याला ३०० रुपयांच्या वर जाता येणार नाही.

बिनअंड्याच्या केकचं प्रमाण असं घेतो : मैदा दीड वाटी, पिठीसाखर एक वाटी, तेल अर्धी वाटी, दही अर्धी वाटी, दूध पाऊण वाटी, बेकिंग पावडर २ चमचे, सोडा १ चमचा. कुकरच्या झाकणाची शिट्टी आणि रबर काढून, तळाला मीठ घालून, मंद आचेवर ४० मिनिटं. पंधरा मिनिटांनी आणि पंचवीस मिनिटांनी उघडून बघतो.

दर वेळी तेच होतं. बूड काळं, वरचा पापुद्रा चिकट-ओला, मध्ये खड्डा आणि चवीला किंचित साबणासारखं. उन्हाळ्यात याच प्रमाणाने बरा व्हायचा, आता अजिबात नाही. चूक प्रमाणात आहे, भांड्यात आहे की हवेत? आणि ओव्हन न घेता यापेक्षा चांगलं काही जमेल का?

माजघर

विद्यार्थी आहेस म्हणून अरे-तुरे करते.

साबणासारखी चव म्हणजे सोडा जास्त. तुझी वाटी साधारण दीडशे मिलिलिटरची असेल, म्हणजे दीड वाटी मैदा १२० ग्रॅमच्या आसपास. एवढ्याला सोडा पाव चमचा पुरतो आणि बेकिंग पावडर पाऊण चमचा. तू सोडा चौपट घालतोयस. दह्यातल्या आंबटपणाला जेवढा सोडा लागतो तेवढाच संपतो, उरलेला तसाच केकमध्ये राहतो आणि जिभेला लागतो. शिवाय वायू एकदम सुटतो, बुडबुडे मोठे होतात आणि पीठ शिजून घट्ट व्हायच्या आत फुटतात. खड्डा पडतो तो यामुळे. त्यात पंधराव्या मिनिटाला झाकण उघडलंस की उरलंसुरलं बसतं. पहिली ३० मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही.

आता भांड्याबद्दल, आणि हे महत्त्वाचं आहे. कुकर केकसाठी वापरू नकोस. झाकणावर जो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो त्यातला मऊ धातू जास्त तापमानाला वितळावा म्हणूनच बसवलेला असतो. कुकर कोरडा तापवला की तो वितळू शकतो आणि मग भातासाठी कुकर लावायचा तर व्हॉल्व्ह बदलावा लागतो. सतत कोरडं तापवून ॲल्युमिनियमचं बूडही वाकतं. तुझ्याकडे जाड टोप आहे, तोच घे. नॉनस्टिक भांडं मात्र कधीही रिकामं तापवू नये.

मांडणी अशी कर. शेगडीवर आधी लोखंडी तवा, तव्यावर टोप. ज्योत थेट टोपाला लागत नाही आणि आच सगळीकडे सारखी पसरते. बूड काळं होण्यावर यापेक्षा स्वस्त उपाय नाही. टोपाच्या आत कुकरची जाळी किंवा उलटी ठेवलेली स्टीलची वाटी, म्हणजे केकचं भांडं तळापासून निदान दोन बोटं वर राहील. बाजूंनीही बोटभर जागा मोकळी हवी, गरम हवा फिरायला. मीठ घातलंच पाहिजे असं नाही, काम उंचवट्याने होतं. पावसात मीठ ओलं असतं, तापलं की तडतडतं, आणि ॲल्युमिनियमच्या टोपात तसंच राहिलं तर धातूला बारीक खड्डे पाडतं. घालायचंच असेल तर धुऊन कोरडी केलेली बारीक वाळू घाल.

टोप झाकून मध्यम आचेवर १० मिनिटं तापव. तापला की नाही ते असं बघ : छोट्या ताटलीत चिमूटभर मैदा भुरभुरून जाळीवर ठेव, झाकण लाव. पाच मिनिटांत सोनेरी झाला तर बरोबर. गडद तपकिरी झाला तर आच कमी कर, पांढराच राहिला तर आणखी तापव. केक आत ठेवल्यावर आच मंद. खिडकीतून वारा येत असेल तर मंद ज्योत हलते, विझूही शकते, तेव्हा शेगडी वाऱ्याच्या आड मांड आणि लक्ष ठेव.

वरचा ओलेपणा वाफेमुळे. केकमधून निघालेली वाफ झाकणाला लागते, थेंब होतात आणि परत केकवर पडतात. झाकणाला भोक असेल तर ते उघडं ठेव, नसेल तर कडेला आगकाडीएवढी फट. झाकणाला फडकं बांधतात ते उकडीच्या पदार्थांना. कोरड्या तापवलेल्या टोपावर, खाली ज्योत असताना, फडकं बांधू नये.

झाला की नाही बघायला माडाच्या झावळीचा स्वच्छ धुतलेला हीर मध्यभागी खुपस. कोरडा आला तर झाला. भांडं बाहेर काढून १० मिनिटं तसंच ठेव, मग केक उलटा कर. भांड्यातच ठेवलास तर घाम सुटून बूड चिकट होतं. वरून रंग येणार नाही, कारण वरून आच नाही. रंग हवाच असेल तर तव्यावर थेंबभर तूप सोडून केकची वरची बाजू मंद आचेवर दोन मिनिटं टेकव.

पीठमीठ

माजघरताईंनी आचेचं सांगितलं, मी हवेचं आणि मापाचं सांगतो.

उन्हाळ्यात जमत होतं आणि आता नाही, याचं निम्मं कारण दमट हवा. मैदा आणि पिठीसाखर हवेतलं पाणी ओढून घेतात. त्यामुळे तेवढंच दूध घातलं तरी पीठ पातळ होतं. जून ते सप्टेंबर दुधातले दोन मोठे चमचे मागे ठेवा, लागले तरच घाला. पीठ चमच्यावरून जाड पट्टीसारखं पडावं आणि खाली पडल्यावर तिची घडी क्षणभर दिसावी. लगेच मिसळून गेली तर पातळ झालंय, मैद्याचा एक चमचा वाढवा.

बेकिंग पावडर हवेतच मरते. अर्धा चमचा पावडर पाव वाटी गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली तर ठीक, दोन-चार बुडबुडे आले तर फेका. सोड्यासाठी गरम पाण्याऐवजी लिंबाचा रस. सगळ्यात लहान पुडा घ्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा आणि उकळत्या भांड्यावर बाटली धरून चमचा घालू नका. मैदाही अर्ध्या किलोच्या वर आणू नका. पावसात ऊन दाखवता येत नाही आणि कीड लवकर लागते.

काटा नसला तरी अडत नाही. अर्धा किलोचा नवा पुडा चार समान पिशव्यांत वाटला की प्रत्येकी १२५ ग्रॅम. खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या टोपणावर ५ आणि १० मिलिलिटरच्या खुणा असतात. ५ मिलिलिटर म्हणजे पाककृतीतला लहान चमचा, तीन वेळा भरलं की मोठा चमचा. घरातला चहाचा चमचा कधी तीनचा निघतो, कधी सातचा, त्यामुळे सोड्याचा अंदाज त्याने घेऊ नये. ती टोपणं घासून वेगळी ठेवा.

६ इंची भांड्याला माझं प्रमाण : मैदा १२५ ग्रॅम, पिठीसाखर ९०, घट्ट दही १२०, तेल ६० मिलि, दूध ४५ ते ६० मिलि, बेकिंग पावडर पाऊण लहान चमचा, सोडा पाव लहान चमचा, मीठ चिमूट. दही, साखर, तेल आधी एकजीव करा. कोरडं सगळं दोनदा चाळून वरून घाला आणि मैदा दिसेनासा होईपर्यंतच ढवळा. जास्त घोटलं की मैद्याला चिकटपणा येतो आणि केक रबरासारखा होतो. भांडं अर्ध्याच्या थोडं वर भरावं, पाऊणच्या पुढे नाही. कालवलं की लगेच टोपात, म्हणून टोप आधी तापलेला हवा.

दही नसेल तर १२० मिलि नारळाच्या दाट दुधात एक लहान चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून दहा मिनिटं ठेवा, सोड्याला लागणारा आंबटपणा मिळतो. बटर पेपरही आणायला नको. केळीचं पान विस्तवावर धरून मऊ करा, तेलाचा हात लावून तळाला घाला. केक सुटतोही आणि वासही छान येतो. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

भाड्याची_खोली

आज नव्या प्रमाणाने, तवा खाली ठेवून केला. ३८ मिनिटं लागली. खड्डा नाही, बूड तपकिरी. दोघांचेही आभार.

दोन शंका. रंगासाठी मैद्यात कोकमाचं आगळ घातलं तर? आणि मैदा-साखरेपेक्षा स्वस्त, इथलंच काही याच टोपात भाजता येईल का? बाजारात तवशी (मोठ्या पावसाळी काकड्या) आली आहेत.

पीठमीठ

आगळ नको. त्यात मीठ असतं, आणि कोकमाचा लाल रंग आंबटपणातच लाल राहतो. सोड्याशी गाठ पडली की निळसर-करडा होतो. अमृत कोकमाचं सरबत घट्ट आटवून गार केकवर ओता, रंग टिकतो.

चुलीपाशी

तवशी आली असतील तर धोंडस, म्हणजे तवशाचा गोड भाजलेला केक, कर. मालवणकडे आणि खाली गोव्यात तवसाळी म्हणतात. ओव्हन कोकणात येण्याच्या कितीतरी आधीपासून हा पदार्थ खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून भाजत आले आहेत. सोडा नाही, पावडर नाही, फुगण्याची भानगड नाही, म्हणून खड्डाही पडत नाही. नवशिक्यासाठी केकपेक्षा हाच बरा.

तुझ्या ६ इंची भांड्याला : तांदळाचा रवा १५० ग्रॅम, तवशाचा कीस ३०० ग्रॅम त्याच्या पाण्यासकट, चिरलेला गूळ १२० ग्रॅम, ओल्या नारळाचा चव (खवलेलं खोबरं) अर्धी वाटी, तूप तीन मोठे चमचे, मीठ पाव लहान चमचा, वेलची. काजू घालायचा तर तुकडा घे, अख्ख्यापेक्षा बराच स्वस्त पडतो आणि इथे तुकडेच करायचे असतात.

तवसं जून, पिवळं पडलेलं घे. दोन्ही टोकं कापून चाखून बघ, कडू लागलं तर ते तवसंच बाजूला ठेव, एका कडू तवशाने सगळं धोंडस जातं. साल आणि बिया काढून किसायचं. कीस पिळू नको, रवा त्याच पाण्यात शिजतो. रवा घरी करायचा तर तांदूळ धुऊन पंख्याखाली कापडावर पूर्ण वाळव आणि मिक्सरवर भरड काढ. दमट हवेत वाळायला रात्र जाते. घाई असेल तर तयार इडली रवा चालतो, पण त्याला पाणी जरा जास्त लागतं, चार-पाच मोठे चमचे वाढव.

रवा एक चमचा तुपावर मंद आचेवर सात-आठ मिनिटं भाज, खमंग वास यावा, रंग बदलू नये. दुसरीकडे कीस, गूळ, मीठ उकळत ठेव. गूळ विरघळून उकळी आली की रवा एका हाताने सोडत दुसऱ्या हाताने ढवळ, नाहीतर गाठी होतात. नारळाचा चव घाल, झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ काढ. मिश्रण शिऱ्यापेक्षा सैल हवं. घट्ट वाटलं तर अर्धी वाटी गरम पाणी. नारळाचं दूध घालायचं असेल तर गॅस बंद केल्यावर, उकळत्या गुळात ते फाटतं.

भांड्याला तूप लावून तळाला हळदीचं पान घाल. याच दिवसांत मिळतं, वासाला तोड नाही. मिश्रण थापून वरून सुरीने चौकटी पाड आणि उरलेलं तूप सोड. तापलेल्या टोपात, तवा खाली ठेवूनच, मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं. कडा सुटून तांबूस झाल्या की काढ. खोलीत निखारे पेटवायच्या फंदात पडू नकोस, बंद जागेत कोळशाचा धूर जिवावर बेततो. वरचा रंग माजघरताईंनी सांगितला तसा तव्यावर आण.

गरम असताना कापलंस तर भुगा होईल. पूर्ण गार होऊ दे, मग वड्या सुटतात.

भाड्याची_खोली

फ्रीजशिवाय किती टिकेल? आणि खोलीतल्या मित्राकडे इंडक्शन आहे, त्यावर टोप ठेवू का?

माजघर

ओला नारळ आहे, त्यामुळे या हवेत सकाळचं संध्याकाळपर्यंत, फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत. बोटाला तार आली किंवा आंबूस वास आला तर टाकून द्यायचं. दोन दिवस हवं असेल तर नारळाचा चव वगळ, तुपाचा चमचा वाढव, आणि खाताना वड्या तव्यावर दोन्हीकडून भाज.

इंडक्शनवर ॲल्युमिनियम तापतच नाही, आणि लोखंडी भांडं रिकामं ठेवलं तर बरीच यंत्रं जास्त तापमान लागून आपोआप बंद होतात. त्यावर भाजण्यापेक्षा उकड. चुंबक चिकटेल अशा स्टीलच्या भांड्यात पाणी, वर चाळण, झाकणाला फडकं, गाठ वरच्या बाजूला. फणसाच्या दिवसांत सांदणं याच पद्धतीने होतात : बरक्या (मऊ, रसाळ गऱ्यांच्या) फणसाचा रस एक वाटी, तांदळाचा रवा एक वाटी, गूळ अर्धी वाटी, नारळाचं दूध अर्धी वाटी, चिमूट मीठ. दोन तास भिजवून तूप लावलेल्या वाट्यांत २० मिनिटं वाफ. कापा फणस घेऊ नकोस, त्याचा रस निघत नाही.