मदत हवी आहे: बुलेटला साईडकार बसवलीय, गाडी डावीकडं ओढतीय

कागलचा_बुलेटवाला
नमस्कार मंडळी. बुलेटला साईडकार बसवलीय, मेव्हण्याच्या वेल्डिंगच्या शेडमधे. सगळं घट्ट आहे, काही हलत नाही, पण चाळीसच्या पुढं गेलं की गाडी डावीकडं ओढाय लागते आणि वीस-पंचवीसला हँडलवरचा हात जरा सैल सोडला की हँडल थरथरतंय. पुढच्या पौर्णिमेला आईला नृसिंहवाडीला न्यायचंय. तिचे गुडघे गेलेत, मागच्या सीटवर पाय टाकता येत नाही, एसटीची पायरी चढवत नाही. तेवढं ओढणं कसं बंद करायचं सांगा. आणि 'आधी विचारायला पाहिजे होतं' असलं कुणी लिहू नका, बसवून झालीय.

नटबोल्ट
कुठल्या सालची बुलेट, ३५० का ५००? टो-इन किती ठेवलंय? गाडी सरळ उभी आहे का बाहेर झुकलेली? साईडकारचं चाक मागच्या चाकाच्या किती पुढे आहे? किती ठिकाणी जोडलीय? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

पेठकर
फोटो टाका आधी.

कागलचा_बुलेटवाला
८७ ची स्टँडर्ड ३५०, कास्ट आयर्न. इंजिन एकदम ओके आहे, त्याचा काही प्रश्न नाही. जोडलीय तीन ठिकाणी, दोन खाली, एक वर सीटखाली. फोटो टाकायला बसत नाहीये इथं, साईज मोठी म्हणतंय. टो-इन म्हणजे काय ते मेव्हण्याला पण माहीत नाही, डोळ्यानं बघून सरळ लावलंय.

म्युनिककर
मी इकडे जुन्या बीएमडब्ल्यूला साईडकार लावून चालवतो, थोडं सांगू शकतो. ओढण्यापेक्षा वळणाची काळजी घ्या. उजवीकडे वळताना रिकामी साईडकार उचलते, त्यामुळे तिच्यात कायम वीस-तीस किलोची वाळूची पोती ठेवा. इथे तर टीयूव्हीवाले (गाड्यांची तपासणी करणारे) प्रत्येक क्लॅम्प बघितल्याशिवाय पासच करत नाहीत.

नटबोल्ट
म्युनिककर, अहो तुमच्याकडे साईडकार उजवीकडे असते. आपल्याकडे डावीकडे. इथे डाव्या वळणाला उचलते. कागलकर त्यांचं वाचून उलटं शिकतील आणि पहिल्याच डाव्या वळणाला उसात जातील. वाळूचं पोतं मात्र बरोबर आहे, सवय होईपर्यंत रिकामी चालवूच नका.

म्युनिककर
बरोबर, डावं-उजवं उलटं वाचा. तत्त्व तेच.

वकीलसाहेब_नाहीत
आरटीओचं काय केलंत? आरसीवर साईडकारची नोंद आहे का? नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली हा बदल बेकायदा आहे, सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचा. कलम १८२ए प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० दंड किंवा सहा महिने कैद, किंवा दोन्ही.

पेठकर
असं कसं? त्याच कायद्यात कलम २(२७) मधे मोटारसायकलची व्याख्या आहे, तिच्यात काढता येणारी साईडकार धरलेलीच आहे. म्हणजे साईडकार हा मोटारसायकलचाच भाग झाला. आमच्या वडिलांची चेतक आणि साईडकार पंधरा वर्षं पुण्यात फिरली, कुणी हवालदारानं हात केला नाही.

वकीलसाहेब_नाहीत
व्याख्या वेगळी आणि तुमच्या गाडीच्या आरसीवर काय लिहिलंय ते वेगळं. अपघात झाला आणि विमा कंपनीनं क्लेम अडवला तर त्यांच्यापुढे व्याख्या वाचून दाखवा. हवालदार नव्हे, विमा बघा.

कागलचा_बुलेटवाला
अहो कायद्याचं मी विचारलंच नाही. ओढणं विचारलंय.

सदाफुली७२
चेतकची साईडकार! आम्ही पाचजण जायचो, आई-बाबा स्कूटरवर, आम्ही तिघं भावंडं साईडकारमधे, पावसात वरून ताडपत्री. तिच्यातली ती छोटी काच खाली व्हायची नाही म्हणून भांडणं. सॉरी, विषयांतर.

पेठकर
आमच्या साईडकारला पुढे छोटं दार होतं, लहानपणी मला वाटायचं ही मोटारच आहे.

शेतकरीपुत्र
दादा एवढा खटाटोप कशाला. आईसाठी साईड व्हील लावलेली सेकंडहँड मोपेड घ्या, नाहीतर वाडीला वडापची जीप आहेच की. किंवा रिक्षा करा.

कागलचा_बुलेटवाला
वडापमधे चढायलाच येत नाही म्हणून तर हे केलंय. वाचा की जरा.
बाकी साईडकार चेतकचीच आहे माझी पण, मामांच्या परड्यात पडलेली होती. चाक छोटं दहाचं आहे. त्यानं काय फरक पडतोय? वजन तर कमीच आहे.

नटबोल्ट
हे आधी सांगायचं ना राव!! फरक पडणारच. तुमच्या बुलेटचं टायर १९ इंची, चेतकचं ३.५०-१०. म्हणजे साईडकारचा आख जमिनीपासून साधारण सव्वादोनशे मिमीवर आणि बुलेटचा तीनशेवीसच्या आसपास. चेतकची चेसिस स्कूटरच्या फ्रेमला जुळवून बनवलेली, ती बुलेटला मारायची म्हणजे वरचा रॉड लांबलचक आणि तिरका जातो, मग लोड आला की फ्लेक्स होते, म्हणजे लवते. तुम्ही म्हणता हलत नाही, उभ्या गाडीत नाही हलत. वर दोघं बसवून धक्का देऊन बघा. आणि तीन पॉइंट कमी आहेत, चार पाहिजेत, चौथा पुढच्या डाउनट्यूबला (इंजिनपुढची उतरती नळी) वरती.

आणखी एक, बुलेटच्या फ्रेमला इंजिनखालून पाळणा नाही, इंजिनच मधला दुवा आहे. डाउनट्यूबवर थेट वेल्डिंग मारलं असेल तर सांगा, मला ते ऐकायचंय.

कागलचा_बुलेटवाला
खाली क्लॅम्प आहेत, यू-बोल्टवाले. वर सीटखाली पट्टी वेल्डिंग मारलीय. मेव्हणा म्हणतो एकदम पक्कं.

नटबोल्ट
पक्कंच तुटतं. नळीची भिंत पातळ असते, वेल्डिंगच्या कडेला तिथेच तडा जातो, रंगाखाली दिसत पण नाही. ती पट्टी घासून काढा आणि दोन भागांचा क्लॅम्प लॅथवरून करून आणा. कोल्हापूरला उद्यमनगरात गेलात तर एका दिवसात करून देतील, बुलेटच्या नळीचं माप घेऊन जा. रॉडना आय-बोल्ट आणि लॉकनट, म्हणजे मापं बदलता येतात. वेल्डिंग मारलेल्या जोडाला अलाइनमेंट कसं करणार?

आता ओढण्याचं. हे तिन्ही बघा.
टो-इन, म्हणजे साईडकारचं चाक पुढच्या बाजूला बुलेटकडे किंचित वळलेलं: बुलेट सरळ उभी करून दोन्ही चाकांना लागून एक सरळ चौकोनी पाइप जमिनीवर ठेवा, दुसरा साईडकारच्या चाकाला लागून. दोन पाइपांमधलं अंतर पुढच्या चाकाच्या पुढे आणि मागच्या चाकाच्या मागे मोजा, पुढे १५ ते २० मिमी कमी यायला पाहिजे.
बाहेरचा झोक: गवंड्याचा ओळंबा हेडलाइटपासून सोडा, रायडर आणि आई (किंवा तेवढं वजन) बसलेलं असताना गाडी उजवीकडे, म्हणजे साईडकारच्या बाहेर, वीस-पंचवीस मिमी झुकलेली पाहिजे. तुमची सरळ असेल नाहीतर आत झुकली असेल. एक तर आपला रस्ता मुळातच डावीकडे उतरता असतो, वरून हे, मग ओढणारच.
लीड: साईडकारचं चाक बुलेटच्या मागच्या चाकाच्या १५० ते २०० मिमी पुढे. चेतकला किती होतं देव जाणे, तुमच्याकडे किती आलंय ते मोजून सांगा.

ग्रीसगन
नटबोल्ट, लीड एवढी लावली की टायर घासतं. मी पन्नासच ठेवली होती, गाडी एकदम हलकी वळायची.

नटबोल्ट
हलकी वळते हो, आणि उजव्या वळणाला ब्रेक मारला की साईडकारच्या नाकावरून पुढे पालथी व्हायला बघते. टायर घासू दे, आई पडायला नको.

ग्रीसगन
आमचं कधी पालथं झालं नाही.

म्युनिककर
थरथरण्याबद्दल: हे साईडकारला होतंच, कारण एकट्या मोटारसायकलचा ट्रेल (हँडलच्या आखाची रेषा जमिनीला जिथे लागते तिथून पुढचं टायर जेवढं मागे टेकतं ते अंतर) साईडकारला जास्त पडतो. इकडे लीडिंग लिंक फोर्क (वेगळ्या प्रकारचा पुढचा काटा) लावतात, पण तुम्हाला ते नको. आधी हँडलचे कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) तपासा, ढिले असतील तर बाकी सगळं व्यर्थ. जुन्या बुलेटला हँडलवर स्टिअरिंग डॅम्परचं नॉब असतं, ते जरा आवळा. काही लोकांनी काढून टाकलेलं असतं.

कागलचा_बुलेटवाला
नॉब आहे! ते कशाला असतं ते मला आत्ता कळलं. कोनसेटमधे थोडं प्ले होतं, आवळलं. थरथर जवळजवळ गेली. चाक मागच्या चाकाच्या रेषेतच आहे, लीड शून्य. झोक दोरा लावून बघितला, आत झुकलीय. क्लॅम्पचं मेव्हणा तयार नव्हता, वहिनीनं समजावलं. दोन दिवसात करतो.

ग्रीसगन
मागचं मोठं स्प्रॉकेट राहू द्या, गिअरबॉक्सचं एक-दोन दात कमी करा, नाहीतर चढाला क्लच जळेल. जोतिबाला जाणार असाल तर लगेच.

कागलचा_बुलेटवाला
अपडेट. क्लॅम्प केले, चौथा रॉड मारला, लीड १४० पर्यंतच आली, पुढं फूटरेस्टला लागतंय. झोक दिला. ओढणं सत्तर टक्के कमी. पण आता नवीनच, ब्रेक मारला की गाडी उजवीकडं जातीय. काय उलटं केलं का मी?

नटबोल्ट
उलटं काही नाही, ते असंच असतं. ब्रेक फक्त बुलेटला आहेत, साईडकार तशीच पुढे जाऊ बघते आणि गाडीला उजवीकडे ढकलते. आधी ओढण्यानं झाकलं होतं. उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या एसटीकडे, तेव्हा मोकळ्या मैदानात पोतं टाकून आधी ब्रेकचा सराव करा, पुढचा-मागचा दोन्ही मिळून, हँडल डावीकडे थोडं धरून. जुना ड्रम आहे, शूज बघा. आणि पौर्णिमेपर्यंत हात बसला नाही तर आईला ह्या खेपेला मेव्हण्याच्या गाडीतून न्या.

कागलचा_बुलेटवाला
मेव्हण्याकडे टेम्पो आहे, टपावर वेल्डिंगचे रॉड असतात. मैदान बघतो आज संध्याकाळी.

वकीलसाहेब_नाहीत
आरटीओचं?

पेठकर
ती जुनी चेतकची काच अजून आहे का हो? असली तर मी घेतो, काढलेली असली तरी चालेल.