मदत हवी आहे : बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा अभ्यास, आणि प्रश्नावलीतला दहावा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी प्रसूती विभागात परिचारिका आहे आणि नोकरी सांभाळून नर्सिंगमध्ये पीएचडी करते आहे. विषय आहे बाळंतपणानंतरचं नैराश्य वेळेत ओळखणं. मुख्य अभ्यासाआधीची पायलट फेरी चालू आहे आणि तिथेच माझं घोडं अडलंय. इथे संशोधन करणारे आहेत, मानसिक आरोग्य क्षेत्रातले आहेत, आणि स्वतः या काळातून गेलेल्या बायकाही आहेत. सगळ्यांचंच मत हवं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाळणी करणारी एडिंबरा प्रश्नावली वापरते आहे, आमच्या भाषेत तपासून प्रमाणित केलेली. जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी ती १९८७ साली प्रसिद्ध केली. दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, ० ते ३ गुण, एकूण ३०. गुण जितके जास्त, तितकी नैराश्याची शंका जास्त. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं, एवढंच विचारायचं. नैराश्याच्या इतर प्रश्नावल्यांत थकवा, भूक यांची चौकशी असते, ती इथे मुद्दाम वगळली आहे. ओल्या बाळंतिणीला थकवा असणारच, त्यावरून मनाचं काही कळत नाही. झोपेचा एक प्रश्न आहे, पण तोही ‘मन इतकं दुःखी होतं की झोप लागली नाही’ अशा अंगाने. वर्षानुवर्षं वॉर्डात काम केल्यावर मला ही रचना फार पटते.

आता अडचणी.

पहिली अडचण, विचारायचं कुणी? मी ज्या विभागात ड्युटी करते तिथल्याच बायका माझ्या अभ्यासात आहेत. टाके बघणारी मीच, बाळाला छातीशी कसं धरायचं ते दाखवणारी मीच, आणि फॉर्म घेऊन जाणारीही मीच. त्यांच्यासाठी मी ‘सिस्टर’ आहे. सिस्टरला वाईट वाटू नये म्हणून त्या भराभर ‘छान आहे’वर खुणा करतात. एका बाईचं सांगते, ओळख कळणार नाही अशा बेताने. घरचं माणूस खाटेशी बसलेलं होतं. ती प्रत्येक प्रश्न वाचायची, खूण करण्याआधी एकदा त्यांच्याकडे बघायची. गुण आले ४. मी फॉर्म घडी करत होते तेवढ्यात ते बाहेर गेले, आणि ती हळूच म्हणाली, “सिस्टर, बाळ रडलं की मला उठावंसंच वाटत नाही. असं सगळ्यांना होतं का?” आम्ही बराच वेळ बोललो, पुढची मदतही सुरू झाली. पण माझ्या तक्त्यात ती आजही ४ गुणांची बाई आहे. तिने जे सांगितलं ते माझ्या आकडेवारीत कुठेच नाही, आणि हे मला फार टोचतं.

दुसरी अडचण वेळेची. डिस्चार्जच्या आधी विचारलं तर बाई हाताशी असते. पण बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पुष्कळ जणींना रडू येतं, मन हळवं होतं, आणि दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. त्याला नैराश्य म्हणता येत नाही. शिवाय ‘गेले सात दिवस’ म्हटलं की त्यात प्रसूतीचा दिवसही येतो. सहाव्या आठवड्याच्या तपासणीला विचारणं शास्त्राला धरून आहे, पण तोवर निम्म्या जणी आल्याच नाहीत तर? आणि मला भीती अशी, की ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्याच यायच्या राहतील.

तिसरी अडचण दहाव्या प्रश्नाची. स्वतःला इजा करून घेण्याचा विचार आला का, असा तो प्रश्न आहे. संमतिपत्रात लिहिलंय की माहिती गोपनीय राहील. आता कुणी तिथे ‘कधीतरी’वर जरी खूण केली, तरी संशोधक म्हणून फॉर्म पाकिटात घालून पुढे जाणं मला शक्य नाही, आणि ते बरोबरही नाही. मार्गदर्शक म्हणतात, हा प्रश्न गाळून नऊच ठेवा. मला ते मनापासून पटत नाही. उत्तर ऐकायची आपली तयारी नाही म्हणून प्रश्नच काढून टाकायचा? पण मग तयारी नेमकी काय हवी?

कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी सार्वजनिक आरोग्यात संशोधन करतो. दहावा प्रश्न गाळू नका. नऊ प्रश्नांची बेरीज तुम्ही दहा प्रश्नांसाठी ठरलेल्या गुणमर्यादेशी (जिच्यापासून पुढे नैराश्याची शंका धरतात तो आकडा) ताडून बघू शकणार नाही.

मर्यादेबद्दलही एक सांगतो. पुष्कळ प्रबंधांत डोळे मिटून १३ घेतात. २०२० साली अनेक अभ्यासांतली मूळ माहिती एकत्र करून झालेल्या विश्लेषणात ११ किंवा जास्त हा आकडा एकूणात सर्वांत समतोल ठरला. १३ ठेवले तर खोटे इशारे कमी होतात, पण खऱ्या आजारी बायका जास्त निसटतात. तुमचा हेतू ‘वेळेत ओळखणं’ आहे, तेव्हा कुठली मर्यादा घेता आणि का, हे विश्लेषणाआधीच लिहून ठेवा.

आणि फॉर्मवरच्या खुणा नीट बघा. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात पहिला पर्याय ० गुणांचा आहे, बाकी सातांत तोच ३ गुणांचा. न वाचता पहिल्याच पर्यायावर खुणा करत गेलेल्या बाईचे २१ गुण होतात! असे फॉर्म मी वेगळे काढतो, पण टाकून देत नाही. कारण त्यात दहाव्या प्रश्नालाही होकार असतो, आणि तो खरा नाही असं आपण परस्पर ठरवायचं नाही. तिच्याशी बोलायचंच.

वेळेबद्दल : सहावा आठवडा मुख्य ठेवा. न येणाऱ्यांना फोन करा, आणि तरीही न आलेल्यांचं वय, कितवं बाळंतपण, प्रसूती कशी झाली हे आलेल्यांशी ताडून प्रबंधात द्या. गळती लपवू नका.

प्रतिसाद २

मी मानसोपचार विभागात परिचारिका आहे. तुमचं दहाव्या प्रश्नाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या प्रसूतीपश्चात काळजीच्या शिफारशींत नैराश्याची चाळणी करा असं म्हटलंय, पण त्याच दमात असंही म्हटलंय की निदान आणि उपचाराची सोय तिला जोडलेली हवी.

आमच्याकडे असं करतो : बाई उठून जाण्याआधीच दहावा प्रश्न बघायचा. ० सोडून काहीही असेल तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच वेळी, आडोशाला, शांतपणे बोलायचं. विचार कधी आला, काही योजना आहे का, बाळाबद्दलही तसे विचार येतात का, सोबत कोण आहे. हे विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट पुष्कळ जणींना हायसं वाटतं. मग ज्यांचं नाव आधीच ठरलंय त्या डॉक्टरांना फोन, आणि त्यांच्या ताब्यात देईपर्यंत तिला एकटं सोडायचं नाही. त्या दिवशी ते डॉक्टर रजेवर असतील तर दुसरं कोण, हेही कागदावर हवं.

संमतिपत्रात साधं वाक्य घाला : “तुमच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर तुम्हाला सांगून आम्ही डॉक्टरांना कळवू.” गोपनीयतेला मर्यादा असते, ती आधी सांगितली की विश्वासघात होत नाही.

एक मात्र वेगळं ध्यानात ठेवा. पहिल्या दोन आठवड्यांत बाई अजिबात झोपत नसेल, भलतंच बोलत असेल, बाळाविषयी विचित्र समजुती सांगत असेल, तर ती प्रसूतीनंतरची सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा गंभीर मानसिक आजार, असू शकते. हजारात एक-दोघींना होते, पण ती तातडीची अवस्था आहे. तिथे फॉर्म बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.

प्रतिसाद ३

मी संशोधक वगैरे नाही, आई आहे. मला असाच फॉर्म दिला होता आणि मी सगळीकडे ‘ठीक’ लिहिलं. फॉर्म कुणाच्या हातात जाणार हे कुणी सांगितलं नव्हतं. मनातलं लिहिलं तर ही बाळ सांभाळायला लायक नाही असं ठरवून बाळ काढून घेतील, अशी भीती होती. आता ऐकायला वेडेपणा वाटेल, तेव्हा तो अगदी खरा वाटत होता.

सिस्टर, तुमच्या ड्रेसपेक्षाही जवळ बसलेल्या माणसाची अडचण जास्त होते हो. वजन करायला, टाके बघायला म्हणून बाईला आत एकटीला घेता ना, तेव्हाच विचारा. आणि आधी सांगा की असं वाटणाऱ्या पुष्कळ जणी असतात आणि त्यावर उपचार आहेत. मला हे दोन महिन्यांनी कळलं.

प्रतिसाद ४

त्या ४ गुणांच्या बाईबद्दल. तिचे गुण बदलू नका, पण तिचं बोलणं वाया घालवू नका. संख्यात्मक अभ्यासाला मुलाखतींची जोड द्या, आणि कमी गुणांच्या काही जणींनाही त्यात घ्या. शेरिल बेक या परिचारिका-संशोधकाने १९९० च्या दशकात आधी बायकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि पुढे त्या अनुभवांवर ३५ विधानांची स्वतंत्र प्रश्नावली उभी केली. बायका काय बोलतात हे जवळून ऐकणं नर्सिंगला जमतं, ते तुमच्या प्रबंधात दिसू द्या. मुलाखत मात्र त्या बाईच्या शुश्रूषेत नसलेल्या व्यक्तीने, साध्या कपड्यात घ्यावी.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आईचा प्रतिसाद मी मार्गदर्शकांना जसाच्या तसा वाचून दाखवला, आणि दहावा प्रश्न राहणार हे ठरलं.

बदल असे करते आहे. दुसऱ्या विभागातली एक सहकारी फॉर्म देईल, तपासणीच्या खोलीत, बाई एकटी असताना. फॉर्म कोण बघणार आणि कोण नाही हे आधी तोंडी सांगायचं, आणि बाळाबद्दलची ती भीती नाव घेऊन दूर करायची. सहावा आठवडा मुख्य ठेवला आहे. गुणमर्यादा ११, कारणासह आधीच लिहून ठेवली आहे. मुलाखतींचा भाग नव्याने जोडते आहे. सुधारित संमतिपत्र आणि दहाव्या प्रश्नासाठीची कार्यपद्धती नैतिकता समितीकडे परत जाईल. मंजुरी येईपर्यंत नवीन कुणाला अभ्यासात घेणार नाही.

आता एकच अडलंय. सहाव्या आठवड्याला न आलेल्या बाईला फोन केला आणि तो घरच्यांनी उचलला, तर काय सांगायचं? ‘नैराश्याचा अभ्यास’ म्हटलं तर तिची गोष्ट तिच्याआधी त्यांना कळते, आणि खोटं कारण मला सांगायचं नाही. ‘प्रसूतीनंतरच्या तपासणीसाठी फोन केलाय, त्यांच्याशीच बोलायचं आहे’ एवढंच सांगावं असं वाटतंय. कुणी असे फोन केले असतील तर तुमची वाक्यं इथे लिहाल का?