हात मागे घेतला त्यांनी

काही जण म्हणतात की हुतात्म्यांचे पुतळे आणि शिल्पं म्हणजे नुसता उद्घाटनाचा खर्च, पुढे कावळ्यांची सोय. आमच्या गावच्या चौकातलं सिमेंटचं हेल्मेट-रायफलीचं स्मारक बघितलं तर निम्मं पटतं. 26 जानेवारी आली की चंदेरी रंगाचा हात फिरतो, तोही ओघळतो. मामा तर ते बसवलं त्या दिवशीच म्हणाले होते, "रायफल आशी नही धरतस." मामा फौजी, सियाचीनला राहून आलेले.

पण त्याच मामांना मी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात नेलं. तिथल्या वीरता चक्र नावाच्या गोल दालनात ब्राँझची 6 भित्तिशिल्पं आहेत, लोंगेवाला, रेझांग ला वगैरे लढायांची. केलीत राम सुतारांनी, म्हणजे आपल्या धुळ्याजवळच्या गोंदूरचे. (हे दिल्लीत चार जणांना सांगून आलो, राहवलं नाही.) ऑपरेशन मेघदूतच्या, म्हणजे सियाचीनच्या मोहिमेच्या शिल्पापुढे मामा थांबले. हात पुढे केला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मे महिना, अंगाला शर्ट चिकटलेला. मग स्वतःच हसले. तिकडे सियाचीनला उघड्या हाताने लोखंडाला हात लावला की कातडी चिकटून निघते, म्हणाले. इतकी वर्षं घरात हे कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढे त्याग चक्राच्या भिंतींवर शहीद जवानांची सोनेरी अक्षरांतली पंचवीस हजारांवर नावं. मामांना एकच हवं होतं. चष्मा पुसत पाऊण तास शोधलं. सापडल्यावर टोपी काढली, आणि मला म्हणाले, "तू जरा पाणी पिऊन ये."