मदत हवी आहे: घेवड्याच्या बर्गरची टिक्की उलटताना फुटते, आतून गिच्च राहते

वेण्णाकाठ (सातारा):

श्रावणात मटण आणि अंडी दोन्ही बंद, पण बर्गर मात्र हवाच असतो. आयती गोठवलेली टिक्की महाग पडते, म्हणून घरच्या घरी कडधान्याची करायची आहे. बटाट्याची टिक्की नको. चावायला काहीतरी लागलं पाहिजे, मांसाच्या जवळ जाणारं. सध्याचं प्रमाण आणि कृती देते:

२५० ग्रॅम वाघ्या घेवडा रात्रभर भिजवून कुकरला ६ शिट्ट्या. पाणी निथळून मिक्सरमधून फिरवला. त्यात २ मोठे उकडलेले बटाटे, १ मोठा कच्चा कांदा बारीक चिरून, आलं-लसूण, कांदा-लसूण मसाला, मीठ, आणि गोळा वळेपर्यंत ब्रेडचा चुरा. लगेच थापून नॉनस्टिक तव्यावर.

अडचणी तीन. उलटताना कडा सुटतात आणि मधून तडकते. बाहेरून काळी पडते, आत पुरणासारखी मऊ. ब्रेडचा चुरा वाढवला की फुटत नाही, पण मग पिठाचा गोळा खाल्ल्यासारखं लागतं. शिवाय काही दाण्यांची सालं चिवटच राहतात. पाणी बोअरचं आहे, जड.

जाणकारांनी चूक कुठे होतेय ते सांगावं.

तवा-उलथणं:

तिन्ही अडचणींचं मूळ पाणी. तुमच्या मिश्रणात ते चार वाटांनी येतंय: दाण्यातून, बटाट्यातून, कच्च्या कांद्यातून, आणि मीठ पडलं की कांदा जे सोडतो ते. ते शोषायला चुरा घालावा लागतो, आणि चुरा वाढला की घेवड्याची चव दबते. म्हणजे चुरा कमी-जास्त करून हे सुटणार नाही. पाणी आधीच काढायला हवं.

शिजवताना: भिजवलेल्या घेवड्याला ६ शिट्ट्या जास्त झाल्या. मोठ्या आचेवर १ शिट्टी, मग गॅस बारीक करून १२ मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. दाणा दोन बोटांत दाबला की चेपला जावा, पण कुकरमधून काढताना अख्खा असावा.

वाळवताना: ही पायरी बहुतेक कृतींत नसतेच, आणि टिक्की फुटते ती इथेच. दाणे चाळणीत १५ मिनिटं निथळा, मग मोठ्या कढईत किंवा तव्यावर एका थरात पसरून मंद आचेवर ८ ते १० मिनिटं परता. तेल नको. ओव्हन असेल तर १७० अंशांवर १५ मिनिटं. सालं तडकून आतला पिठूळ गर दिसायला लागला आणि दाणा हाताला कोरडा लागला की थांबा. २०० ग्रॅम कोरड्या घेवड्याचे शिजून साधारण ४८० ग्रॅम होतात, ते परतून ४३०-४४० वर यायला हवेत. घरात वजनकाटा असेल तर हा आकडा धरून चाला, नजरेचा अंदाज इथे चुकतो.

मिक्सर बंद. मिक्सरमध्ये दाण्यांची लापशी होते, स्टार्च मोकळा होऊन डिंकासारखा चिकटतो, आणि आतला गिच्चपणा तिथूनच येतो. पावभाजीच्या मॅशरने दोन हिस्से रगडा आणि एक हिस्सा दाणे अर्धेमुर्धे ठेवा. दाताखाली येणारा पोत ह्या अर्धवट दाण्यांचा असतो.

कांदा कच्चा घालू नका. २ मध्यम कांदे १ चमचा तेलात तपकिरी होईपर्यंत परता. १५० ग्रॅमचे जेमतेम ६० ग्रॅम उरतील, म्हणजे बाकीचं पाणीच होतं. बटाटा पूर्ण काढा. अगदी हवाच असेल तर एक लहान, किसून.

माणदेशी:

एवढा खटाटोप कशाला? डाळवड्यासारखं करा. भिजवलेला घेवडा कच्चाच जाडसर वाटा, कांदा-मिरची घाला आणि थापून तळा. फलाफल असंच करतात, चुरा-बिरा काही लागत नाही, गोळा आपोआप धरतो.

हळदपेठ (सांगली):

माणदेशी, फलाफल हरभऱ्याचं किंवा बाकल्याचं असतं, म्हणून ते चालतं. घेवड्याला ही पद्धत कृपया कुणीही वापरू नका.

राजमा, वाघ्या घेवडा, पांढरा घेवडा हे सगळे एकाच जातीचे. श्रावणघेवडा म्हणून ज्याच्या कोवळ्या शेंगा आपण खातो, त्याच जातीचे हे वाळलेले दाणे. ह्या दाण्यांत फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे पोटाला बाधणारं एक प्रथिन असतं, लाल राजम्यात सर्वांत जास्त. कच्चे किंवा अर्धेकच्चे चार-पाच दाणेसुद्धा त्रास द्यायला पुरतात: १ ते ३ तासांत जोराच्या उलट्या, मग जुलाब. लेक्टिन खळखळत्या उकळीत मोडतं. कोमट उष्णतेत, म्हणजे ८० अंशांच्या खाली, ते मोडत नाहीच, उलट तसे शिजवलेले दाणे कच्च्यापेक्षा जास्त बाधल्याची नोंद आहे. तव्यावरच्या जाड टिक्कीचा मधला भाग पुरेसा वेळ पुरेसा तापेल ह्याचा भरवसा नाही.

म्हणून नियम असा: किमान ५ तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात कुकरला पूर्ण शिजवायचा. कुकर नसेल तर उघड्या पातेल्यात आधी अर्धा तास खळखळ उकळवायचा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवायचा. महाबळेश्वर-पाचगणीच्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, तिथे कुकरच बरा.

गोळा आपोआप धरतो ही तुमची गोष्ट मात्र खरी आहे, आणि त्यामागचं कारण वेण्णाकाठ यांच्या कामाचं आहे. कच्च्या डाळीतला स्टार्च कच्चा असतो. तळताना तो पाणी पिऊन फुगतो आणि सगळं बांधून ठेवतो. शिजवलेल्या घेवड्यातला स्टार्च कुकरमध्येच फुगून बसलेला असतो, तव्यावर बांधायला काही उरत नाही. तेव्हा थोडा कच्चा स्टार्च बाहेरून द्यावा लागतो. ब्रेडचा चुरा भाजलेला असतो, तो नुसतं पाणी शोषतो, बांधत नाही. म्हणून तो खूप घालावा लागतो, आणि मग टिक्की पिठाच्या गोळ्यासारखी लागते.

८ टिक्क्यांसाठी (२०० ग्रॅम कोरडा घेवडा) बांधणी अशी धरा:
कच्चं बेसन २ मोठे चमचे, साधारण २० ग्रॅम. याहून जास्त घातलं तर कच्चट वास राहतो.
जाड पोहे ४० ग्रॅम, कोरडे भाजून मिक्सरला भरड पूड. ही उरलेला ओलावा ओढते.
जवस १ मोठा चमचा, भाजून बारीक दळून ३ मोठे चमचे गरम पाण्यात १० मिनिटं. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं बुळबुळीत झालं की घाला. जवसाची चटणी घालू नका, तिच्यात मीठ-तिखट असतं आणि भरड असल्याने ती बांधत नाही.

वेण्णाकाठ:

हळदपेठ, फार मोलाचं सांगितलंत. कच्च्या दाण्यांचं हे माहीत नव्हतं.

आणखी दोन प्रश्न. सालं चिवट राहतात त्याला काय करावं? आणि चव आमटीची येते, मांसाच्या जवळ जात नाही, त्याला उपाय आहे का?

माणदेशी:

हळदपेठ, माझी सूचना मागे घेतो. डाळवडा फक्त हरभरा डाळीचाच करावा.

तवा-उलथणं:

सालं चिवट राहतात ती जड पाण्यामुळे. पाण्यातलं कॅल्शियम सालीतल्या पेक्टिनला, म्हणजे साल बांधून ठेवणाऱ्या पदार्थाला, घट्ट करतं. भिजवताना १ लिटर पाण्याला १ मोठा चमचा मीठ घाला. मिठातलं सोडियम कॅल्शियमची जागा घेतं आणि साल सैल पडते. सकाळी ते पाणी फेका, दाणे धुवा, शिजवायला शक्यतो फिल्टरचं किंवा नळाचं पाणी घ्या. बोअरचंच असेल तर कुकरमध्ये पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा. त्याहून जास्त नको, साबणासारखी चव येते आणि दाणे फुटून लगदा होतो. टोमॅटो किंवा चिंच शिजताना घालू नका, आंबटात साल मऊ होत नाही. एवढं करूनही मूठभर दाणे खडे राहिले तर घेवडा जुना आहे. दुकानात यंदाचा माल आहे का विचारून घ्या. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तो जवळच मिळतो. नवा असेल तर साल पातळ असते आणि शिजायला कटकट नाही.

हळदपेठ (सांगली):

चवीचं मी सांगते. मांस म्हणून जिभेला जे आवडतं त्यात तीन गोष्टी असतात: भाजल्याचा खमंगपणा, स्निग्धपणा, आणि दाताला होणारा किंचित विरोध. तिन्ही वेगवेगळ्या मार्गांनी आणायच्या.

विरोधासाठी सोया ग्रॅन्युल्स ५० ग्रॅम. उकळत्या मिठाच्या पाण्यात १० मिनिटं, मग थंड पाण्यात धुवून दोनदा घट्ट पिळा. पहिल्या पिळण्याचं पाणी फेसाळ आणि वासाचं निघतं, सोयाचा वास त्यातच जातो. पिळून १३० ग्रॅमच्या आसपास भरतील. ते १ चमचा तेलात खरपूस परता, खिम्यासारखे दिसायला लागले की काढा. ओलेच घातले तर पुन्हा पाण्याचं रडगाणं.

स्निग्धपणासाठी २ मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट. मटणात चरबी असते, घेवड्यात जवळजवळ काहीच नसते, म्हणून टिक्की घशाखाली कोरडी जाते.

खमंगपणासाठी २ टोमॅटो किसून पळीभर गोळा उरेपर्यंत आटवा, त्यात १ छोटा चमचा सोया सॉस. कांदा-लसूण मसाला दीड छोटा चमचा पुरे, आणि त्यात मीठ असतं हे धरून वरचं मीठ अर्धा छोटा चमचाच घाला. आमटीची चव हळद, गोडा मसाला आणि कोथिंबिरीने येते. मी हळदपेठेतली असूनही सांगते, ह्यात हळद नको. त्याऐवजी जिरं आणि मिरी ताजी कुटून.

शेवटी कोळशाची धुरी. मिश्रण पातेल्यात पसरा, मधोमध लहान वाटी, तीत लाल निखारा, वर अर्धा चमचा तूप, आणि धूर उठताक्षणी घट्ट झाकण. ४ मिनिटं. १० मिनिटं ठेवली तर कडवट होतं. जाळावर भाजलेल्या मांसाची आठवण सगळ्यात जास्त ह्याच पायरीने येते, मसाल्याने नाही.

तवा-उलथणं:

आता थापणं आणि भाजणं. मिश्रण मुठीत दाबून पाहा. बोटांचे ठसे उमटावेत आणि तळहात कोरडा राहावा. तळहात ओला झाला तर पोह्याची पूड एक चमचा. ठसा न उमटता भुगा पडला तर पाण्याचा एक हबका.

९० ग्रॅमचा गोळा घ्या. डब्याच्या झाकणात प्लास्टिक अंथरून ९ सेंटिमीटर रुंद, दीड सेंटिमीटर जाड थापा. कडा बोटाने गोल दाबून बंद करा, कारण फुटायला सुरुवात कडेच्या चिरेतूनच होते. मांसाची टिक्की आकसते, ही आकसत नाही, म्हणून पावाएवढीच थापा. मग फ्रीजमध्ये तासभर, उघडीच. स्टार्च गार होऊन आवळतो आणि वरचा पापुद्रा सुकतो. तुम्ही लगेच भाजत होतात, उलटताना मोडण्याचं एक मोठं कारण तेही.

बिडाचा तवा असेल तर तोच. मध्यम आच, १ मोठा चमचा तेल, टिक्की टाकल्यावर ४ ते ५ मिनिटं हात लावायचा नाही. पापुद्रा धरला की ती स्वतःच तवा सोडते. उलथणं खाली सहज सरकलं तरच उलटा, अडलं तर अजून एक मिनिट. एकदाच उलटायची आणि उलथण्याने दाबायची नाही. बाहेरून काळी आणि आत कच्ची म्हणजे आच मोठी.

वेण्णाकाठ:

सगळं लिहून घेतलं. खर्च साधारण किती येईल? आणि करून ठेवता येतील का?

हळदपेठ (सांगली):

भाव आपापल्या दुकानाचे घाला. घेवडा १५० रुपये किलो धरला तर २०० ग्रॅमचे ३०, सोया ८, कांदे ५, पोहे-बेसन ५, तेल ९, मसाला-टोमॅटो-कूट-जवस मिळून १४-१५. म्हणजे ८ टिक्क्यांना ७१-७२ रुपये, नगाला साधारण ९. पाव आणि गॅस वेगळा. एका टिक्कीत प्रथिनं १० ग्रॅमच्या आसपास जातात, त्यातली जवळजवळ तिसरा हिस्सा सोयाची, म्हणून पैसे वाचवायला सोया कमी करू नका. स्वस्त करायचंच असेल तर अर्धा घेवडा काढून अख्खा मसूर घाला. मसूर मात्र वेगळा शिजवा, त्याला १ शिट्टी पुरते, घेवड्याबरोबर टाकला तर त्याचं वरण होईल. मोड आलेली मटकी नको, ती पाणी सोडते आणि मोडात स्टार्च खर्ची पडलेला असतो.

तवा-उलथणं:

साठवायच्या असतील तर थापून, तव्यावर न भाजताच गोठवा. ताटात एकमेकींना न चिकटता २ तास, मग मध्ये बटर पेपर घालून डब्यात. दोन महिने सहज राहतात. भाजताना वितळू देऊ नका, वितळली की पाणी सुटून कडा ढासळतात. थेट तव्यावर, मंद आचेवर, झाकण ठेवून प्रत्येक बाजूला ६ मिनिटं, शेवटचं एक मिनिट झाकण काढून. नुसत्या फ्रीजमध्ये ठेवायच्या तर दोन दिवसांच्या आत संपवा.

पाव बेकरीतला मोठा गोल घ्या, वडापावचा लहान पडतो. आतली बाजू कोरड्या तव्यावर लालसर भाजून घ्या, नाहीतर चटणीने तो आधी भिजतो आणि टिक्की कितीही पक्की असली तरी हातात सगळं घसरतं.