मदत हवी आहे : पाळक निवृत्त झाले, त्यांच्या हातातल्या मदतनिधीवर सही कुणाची?

पडवीतली

नमस्कार मंडळी. धागा धर्मचर्चेचा नाही, निव्वळ कारभाराचा आहे. तेव्हा कृपया त्याच अंगाने उत्तरं द्या.

आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात राहतो. माझं माहेर नगरचं, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतलं. इथे घराजवळ एपिस्कोपल चर्च होतं, तिथेच जाऊ लागलो. सीएनआय काय, एपिस्कोपल काय, दोन्ही अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परिवारातली, त्यामुळे प्रभुभोजनाला (कम्युनियनला) आडकाठी आली नाही. रविवारी तीसेक माणसं येतात, बहुतेक सत्तरीच्या पुढची. मला हिशेब येतो हे कळल्यावर व्हेस्ट्रीत घेतलं (चर्चचा कारभार बघणारी समिती, आपल्याकडची पास्टोरेट कमिटी समजा) आणि आता मी खजिनदार.

गेल्या हिवाळ्यात आमचे रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक, निवृत्त झाले. पूर्णवेळ पाळक परवडत नाही, म्हणून महिन्यातून दोन रविवारी बाहेरून पाळक येऊन प्रभुभोजन देतात. उरलेल्या रविवारी आमच्यातलंच कुणीतरी प्रार्थनापुस्तकातून सकाळची उपासना चालवतं. ते सगळं सुरळीत आहे. वेदीची कापडं आणि चांदीची भांडी सांभाळणाऱ्या आजी तर पाळक असोत नसोत, शनिवारी दुपारी हजर.

अडलंय ते एका खात्यावर. रेक्टरांच्या हाताखाली गोरगरिबांना मदत करायचा एक निधी असतो, डिस्क्रिशनरी फंड म्हणतात. त्यात चार हजारांच्या वर डॉलर पडून आहेत. सही फक्त त्यांची होती. बँक म्हणते, नवीन सही आणा, ठराव आणा.

आता एप्रिल लागलाय. आमच्या राज्यात १ डिसेंबर ते ३१ मार्च कमी उत्पन्नाच्या घरांची वीज सहसा तोडता येत नाही. मुदत संपली की नोटिसा सुटतात. गेल्या रविवारी उपासनेनंतर आम्ही मागच्या खोलीत अर्पण मोजत होतो (दोघं लागतात, आणि एकाच घरातले चालत नाहीत), तर एक बाई दारात. हातात वीज कंपनीची दहा दिवसांची नोटीस, घडी घालून घालून मऊ झालेली. ‘फादर आहेत का?’ म्हणाल्या. फादर नाहीत, पैसे आहेत, आणि चेक कुणी लिहायचा ते ठाऊक नाही!

त्यात आमचे ज्युनियर वॉर्डन, म्हणजे इमारतीचं बघणारे गृहस्थ, म्हणतात की रेक्टरच नाहीत तर निधी मंडळीचा झाला, त्यातून बॉयलर दुरुस्त करू. माणूस वाईट नाही. तळघराच्या जिन्यावर बसून बॉयलर ऐकत असतो बिचारा.

तर प्रश्न असे : या पैशावर हक्क कुणाचा? बॉयलरला वापरता येतो का? आणि त्या बाईंना उद्याच मदत करायची तर रस्ता कोणता?

भिंगारदिवे

ताई, आमच्याकडे चर्चचा ट्रस्ट नोंदलेला असतो, त्यामुळे धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो. तुमच्याकडे तसं काही कार्यालय असेल तर तिथेच आधी विचारा ना.

पडवीतली

नाही हो दादा, इथे चर्चला आयकर खात्याकडे वार्षिक विवरणपत्रसुद्धा भरावं लागत नाही. आमच्यावर डोळा असतो तो डायोसीसचा, म्हणजे बिशपच्या प्रांताचा. १ मार्चपर्यंत वार्षिक अहवाल आणि १ सप्टेंबरच्या आत ऑडिट.

जर्सीकर

मी न्यू जर्सीत अशाच एका चर्चचा खजिनदार होतो. क्रमाने सांगतो.

पैसा रेक्टरचा खाजगी नाही. खातं चर्चच्या नावावर आणि चर्चच्या करक्रमांकावर असतं, ऑडिटमध्येही येतं. म्हणून पाळक गेले तरी पैसा जागेवर राहतो. पण म्हणून तो व्हेस्ट्रीच्या घरखर्चाचाही होत नाही. कॅनन्सच्या (एपिस्कोपल चर्चच्या नियमावलीच्या) तिसऱ्या विभागात रेक्टरच्या कर्तव्यांत बघा : महिन्यातल्या एका रविवारचं प्रभुभोजनाच्या वेळचं, दुसऱ्या कामासाठी न नेमलेलं अर्पण धर्मादायासाठी पाळकाच्या हाती द्यायचं. आणि तिथेच पुढे आहे की पाळक नसेल तर व्हेस्ट्रीने मंडळीतल्या एका सभासदाला या कामासाठी नेमायचं. तुमचं उत्तर तेवढंच आहे. बॉयलर त्यात बसत नाही. वॉर्डनना माझ्यातर्फे कॉफी पाजा.

व्यवहारात : व्हेस्ट्रीची तातडीची सभा घ्या, नावासकट ठराव करा, क्लार्ककडून (व्हेस्ट्रीच्या चिटणिसाकडून) इतिवृत्ताची सही केलेली प्रत घ्या आणि बँकेत जा. चेक कधीही बाईंच्या नावाने नको, थेट वीज कंपनीच्या नावाने, खाली त्यांचा ग्राहक क्रमांक. नोंदवहीत पूर्ण नाव नको, आद्याक्षरं पुरतात, नाव वेगळ्या बंद पाकिटात. गाव लहान आहे, ऑडिट करणारा त्यांचा शेजारी निघायचा.

आणि ‘अमुक बाईंसाठी’ म्हणून कुणी या निधीत पैसे टाकू लागलं तर थांबवा. एका माणसासाठी ठरवून दिलेल्या दानावर करसवलत मिळत नाही.

सावलीवाला

ठराव होईस्तोवर दहा दिवस सरतील. बाईंना आजच वीज कंपनीला फोन करून हप्ते बांधून मागायला सांगा. घरात कुणी आजारी असेल तर डॉक्टरच्या दाखल्याने तोडणी पुढे ढकलता येते. ऊर्जा मदतीची सरकारी योजना, लायहीप, तिचे अर्ज चालू आहेत का तेही बघा. चर्चचे पैसे शेवटी, उरलेल्या फरकाला. नाहीतर चार हजार चार महिन्यांत संपतील.

पडवीतली

जर्सीकर, सावलीवाला, खूप आभार. तो भाग वाचला, स्पष्ट आहे. बाईंनी फोन केला, तीन हप्ते मिळाले. पहिला हप्ता सिनियर वॉर्डननी स्वतःच्या खिशातून कंपनीकडे भरला, निधीतून परत नको म्हणाले. सभा गुरुवारी आहे.

आता नेमायचं कुणाला? मी खजिनदार, हिशेब मीच लिहिते, त्यामुळे चेकवर सही माझी नसावी असं मला वाटतं. वेदीवाल्या आजींचं नाव डोक्यात आहे. गावात कुणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना माहीत असतं आणि तोंडातून एक शब्द बाहेर पडत नाही. पण वय ८१. कुणाचा अनुभव?

जर्सीकर

सही तुमची नको, बरोबर आहे. आजींना नेमा, ठरावात बदली म्हणून दुसरं एक नाव घाला, आणि मुदत लिहा : नवीन पाळक येईपर्यंत. बँकेत त्यांना सोबत घेऊन जा, ओळखपत्र विसरू देऊ नका.

पडवीतली

चालेल, तसंच करते. बॉयलरसाठी वेगळा धागा काढते. वॉर्डननी दोन कोटेशनं आणलीत आणि दोन्ही बघून मला घाम फुटलाय.