मदत हवी आहे: जिम्नीला आधी लिफ्ट (उंच स्प्रिंग टाकून गाडी वर उचलणं) की आधी मोठे टायर?

गाडी मारुती जिम्नी मॅन्युअल, सस्पेन्शन आणि 195/80 आर15 टायर दोन्ही कंपनीचे. रोजचा वापर डांबरी रस्त्यावर, अधूनमधून खडकाळ चढ आणि चिखल. बजेट तुटपुंजं, त्यामुळे सगळं एकदम जमणार नाही.

टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवून पाहिली. पकड छान वाढली, पण डिफरेन्शियल (एक्सलवरचा गिअरचा गोळा) दगडांना लागतंच. नुसत्या लिफ्टने चॅसिस उचलली जाईल, डिफरेन्शियल नाही. ते फक्त मोठ्या टायरनेच वर येतं. 235/75 आर15 घेतले तर जेमतेम 20 मिमी मिळतात, शिवाय स्पीडोमीटर जवळपास सहा टक्के कमी दाखवणार आणि पिकअप मंदावणार. 215/75 लिफ्टशिवाय बसतात, पण फायदा नगण्य वाटतो.

स्पेसर (जागा वाढवणारे ठोकळे) नकोत, चाकांवरच्या कमानी कापायच्या नाहीत, हायवेवर स्टिअरिंग हलकं पडलेलं चालणार नाही. टायर ऑल-टेरेनच (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) हवेत, चिखलासाठीच्या मड-टेरेनचा आवाज रोज सोसवणार नाही.

दोन इंची स्प्रिंग टाकून मूळचेच शॉक ॲब्सॉर्बर ठेवलेले कुणी वापरलेत का? ते किती टिकले? आणि एवढ्या लिफ्टला कॅस्टर बुश (लिफ्टमुळे बदललेला स्टिअरिंगचा कोन सुधारणारे) व ॲडजस्टेबल पॅनहार्ड रॉड (एक्सल गाडीच्या मध्यभागी धरणारा) लगेच लागतात, की नंतर घेतले तरी चालतात?