ॲप विकत घ्यायचं की भाड्यानं? इंदूरकरांनो, अनुभव लिहा

मोबाइलवरच्या कुठल्या ॲपला तुम्ही पैसे देता? एकदाच देऊन मोकळे झालात, की दर महिन्याला, दर वर्षाला कापले जातात? परवा आमच्या रामबागेच्या कट्ट्यावर यावरून चांगलीच जुंपली. एक पक्ष म्हणे वस्तू घेतली, पैसे मोजले, विषय संपला. दुसरा म्हणे ॲप ही वस्तूच नाही, सेवा आहे. तत्त्वं दोघांकडे भरपूर, अनुभव कमी. म्हणून हा धागा.

नुसती मतं नकोत, घडलेलं लिहा. कसलं ॲप, पैसे कसे दिले, पुढे काय झालं. तक्रार असेल तर कंपनीचं नाव टाकू नका. माझा कल आधीच सांगून टाकतो, म्हणजे लपवाछपवी नको: जे ॲप नेट बंद असतानाही चालतं, त्याला दरमहा भाडं का द्यायचं हे मला पटत नाही. पटवून द्या. मधे कंसात बोलेन तो मीच.

रामबाग, गाण्याचे वर्ग घेते

मी आयफोनवर तानपुरा-तबल्याचं ॲप घेतलं त्याला बरीच वर्षं झाली. एकदाच पैसे दिले. तेव्हा जरा महाग वाटलं होतं, कारण घरात इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी होतीच. मधे फोन बदलले, पण ॲपल आयडी तोच असल्यानं ॲप आपसूक नव्या फोनवर आलं. आजही काळी चार लावली की दिवसभर झंकारत राहतं, मधे जाहिरात नाही, काही नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीकडे अँड्रॉइड आहे. आयफोनवर घेतलेलं तिकडे चालत नाही, तिला वेगळंच घ्यावं लागलं आणि ते निघालं दरमहाचं. दिसायला माझ्यापेक्षा देखणं, ताल जास्त, लेहऱ्याचे प्रकार जास्त. वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमाचा हॉल होता तळघरात, तिथे रेंज नाही. पोरीनं ॲप उघडलं तर "सदस्यत्व तपासत आहोत" आणि नुसतं चाक फिरतंय. यमनचा आलाप ओठांवर आणि डोळ्यांत पाणी. शेवटी माझा फोन दिला. पैसे तिनं भरलेले होते बरं का, बाकी काही नव्हती. तानपुऱ्याला इंटरनेट कशाला लागतं, हे कोणीतरी समजावून सांगा.

(समजावणारे खाली येतील. पुढे.)

सियागंज, व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो

माझी बाजू उलटी आहे. माझ्याकडे नमकीनचे दोन वितरक आहेत. एकानं बिलाचं मोबाइल ॲप "लाइफटाइम" म्हणून एकरकमी घेतलेलं. दुसरा वर्षाला पैसे भरतो आणि दर वर्षी माझ्यापाशी कुरकुरतो.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. पाकीटबंद नमकीन १२ टक्क्यांवरून ५ वर आलं. दिवाळी तोंडावर, इंदूरचा शेव-मिक्स्चरचा सगळ्यात मोठा हंगाम. वार्षिकवाल्याचं ॲप आधीच अपडेट झालं होतं. तारीख पालटली आणि बिलं नव्या दरानं निघू लागली. लाइफटाइमवाल्याला कंपनीनं कळवलं की तुमची आवृत्ती जुनी, नवे बदल हवे असतील तर वार्षिक योजनेत या. शेव लौंगची, लसणाची, रतलामी, प्रत्येकाची पाकिटं वेगवेगळ्या वजनांची. एकेका मालाचा दर आम्ही हातानं बदलत बसलो, आणि बाहेर टेम्पो उभा.

तेव्हा धागाकर्त्यांना विचारतो. बिलाचं ॲप नेट बंद असतानाही चालतं, पण सरकारचे नियम बदलायचे थांबतात का? मला टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची पद्धत बरी वाटते. परवाना कायमचा तुमचा, नवी आवृत्ती आणि जोडसेवा हव्या असतील तर वर्षाचे वेगळे भरा. नाही भरले तरी जुनं उघडतं, जुन्या वह्या दिसतात.

(मुद्दा मान्य. नेटचा निकष पुरेसा नाही. ॲपच्या पोटातला मजकूर शिळा होतो की नाही, हेही बघायला हवं. सूर शिळा होत नाही, कराचा दर होतो.)

लोकमान्यनगर

हा अनुभव बाबांचा आहे, ते लिहिणार नाहीत म्हणून मी लिहितोय. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यात हप्त्यानं काही घेतलं नाही, फ्रीजसुद्धा पैसे साठवून आणला. त्यांना रोजचं भविष्य सांगणारं एक ॲप सापडलं, "सात दिवस फक्त १ रुपया". यूपीआयचा पिन टाकला, रुपया गेला. आठवड्यानं कंटाळा आला, ॲप काढून टाकलं. त्यांच्या लेखी व्यवहार संपला.

पण पिन टाकला तो नुसत्या रुपयाला नव्हता. त्याच पडद्यावर ऑटोपेची, म्हणजे पैसे आपोआप कापू देण्याची, संमती होती, बारीक अक्षरांत, पुढच्या प्रत्येक तिमाहीसाठी. ॲप फोनवरून काढलं म्हणून ती संमती रद्द होत नाही. पैसे कापायच्या २४ तास आधी कळवावं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तसा संदेश आलाही होता, इंग्रजीत, कर्ज देणाऱ्यांच्या आणि प्लॉट विकणाऱ्यांच्या संदेशांच्या गर्दीत. पकडलं गेलं ते पासबुकामुळे. बाबा अजून दर महिन्याला बँकेत जाऊन पासबुक भरून आणतात आणि पेन्सिलीनं खुणा करतात. त्यांच्या या सवयीला आम्ही हसायचो.

रद्द कसं केलं ते सांगतो. ज्या यूपीआय ॲपमधून पैसे दिले, त्यातच "ऑटोपे" किंवा "मँडेट" नावाचं पान असतं. तिथे यादी दिसते, त्यातलं नको ते रद्द करायचं, पिन पुन्हा टाकायचा. कार्डावरून जात असतील तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा साइटवर तशीच यादी असते. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डांना हे नियम लागू आहेत, आणि २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतचं नूतनीकरण दर वेळी ओटीपी न विचारता होतं. म्हणजे छोट्या रकमांवर नजर आपणच ठेवायची. गेलेले पैसे परत मागितले, ॲपवाल्यांकडून उत्तर नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सदस्यत्वाचा सापळा हा एक प्रकार नावानिशी आहे. तक्रारीत त्याचा उल्लेख केला.

पलासिया

माझा उपाय सोपा. ॲपलनं २०२२ मध्ये भारतात ॲप स्टोअरवर कार्डं घेणं बंद केलं, तेव्हा मी वैतागलो होतो. आता खात्यात यूपीआयनं थोडे पैसे टाकून ठेवतो, दुसरं काहीच जोडलेलं नाही. शिल्लक संपली की वर्गणी आपोआप बंद पडते. ज्या ॲपची आठवण येते तेवढ्यापुरते पुन्हा भरतो. बहुतेकांची येत नाही भिया.

भंवरकुआँ, मूळची बऱ्हाणपूरची

मी पीजीत राहून पीएससीची तयारी करते. सगळे वर्गणीच्या विरोधात लिहितायत, माझं मात्र तीच असल्यामुळे भागलं. प्रश्नसंचाचं ॲप मी प्रीलिमच्या आधी तीन महिन्यांसाठी घेतलं. एकरकमी "सिलेक्शन होईपर्यंत" अशीही योजना होती, किंमत पीजीच्या भाड्याहून जास्त. आणि ती घेतली की अभ्यास आपोआप होईल असं वाटायला लागतं, ते वेगळंच. चालू घडामोडी रोज बदलतात, मागच्या वर्षीचा संच आयुष्यभर जवळ ठेवून काय करू?

एक युक्ती सांगते. प्ले स्टोअरमधून सदस्यत्व घेतलं त्याच संध्याकाळी मी नूतनीकरण रद्द करून टाकते. भरलेली मुदत संपेपर्यंत ॲप चालू राहतं, पुढचे पैसे जात नाहीत. ज्या ॲपला एकदाच पैसे देऊन घेता येतं ते "फॅमिली लायब्ररी"त टाकून घरच्या पाच जणांना वापरता येतं. ॲपच्या आतून घेतलेल्या वर्गणीला सहसा ही सोय नसते. खोलीतल्या मुलींनी करून पाहिलं.

राजवाड्याजवळ, लग्नपत्रिका करतो

आयपॅडवर चित्रं काढायला प्रोक्रिएट. एकदा घेतलं, तेव्हापासून एक पैसा नाही, नवे ब्रश येतच असतात. दुसरीकडे फोटोशॉपवाल्या अ‍ॅडोबीनं २०१३ मध्ये नव्या आवृत्त्या विकणं थांबवून भाडं सुरू केलं. तिथे एप्रिल-मेच्या लगीनसराईत महिन्याचे भरतो, श्रावणात बंद. झालं.

सुपर कॉरिडॉरला नोकरी, रात्री स्वतःचं ॲप

मीच तो समजावणारा. तळघरातल्या तानपुऱ्याबद्दल आधी: वर्गणीची ॲपं अधूनमधून विचारून घेतात की याचे पैसे चालू आहेत ना. नेट नसताना किती दिवस विश्वास ठेवायचा हे बनवणारा ठरवतो. महिनाभर ठेवता येतो. त्यांनी ठेवला नाही, हा आळस किंवा कंजुषी.

आता आमची बाजू. माझं घरखर्चाच्या वहीचं ॲप आहे, मराठीत. गूगल प्लेवर विकासक म्हणून खातं उघडायला २५ डॉलर, एकदाच. ॲपलकडे ९९ डॉलर, दर वर्षी. म्हणजे तुमच्या कट्ट्यावरचं भांडण त्या दोघांतही आहे! विक्रीतला १५ टक्के वाटा दोघेही घेतात. वर्षाला दहा लाख डॉलरच्या पुढे तो वाढतो, पण ती काळजी मला नाही.

मी आधी दीडशे रुपयांना एकदाच विकलं. पहिल्या दिवाळीत बरं गेलं, मग ओहोटी. काम मात्र तेवढंच. गूगल दर वर्षी नव्या अँड्रॉइडशी जुळवून घ्यायला लावतं; नाही घेतलं तर नवा फोन घेणाऱ्याला ॲप दुकानात दिसतच नाही. त्यात देवनागरी. एका कंपनीच्या फोनवर वेलांटी वरून कापली जाते, दुसऱ्यावर रफार शेजारच्या अक्षरावर चढतो. फार पूर्वी दीडशे देणारा रात्री अकराला लिहितो, "दादा, माझ्या नव्या फोनवर बरोबर दिसत नाही." त्याचं चूक नाही, त्यानं पैसे दिलेत. पण ते पैसे कधीच संपले.

संगणकाच्या काळात नवी आवृत्ती काढून जुन्या गिऱ्हाइकाला अर्ध्या किमतीत देत. या दोन्ही दुकानांत तशी सरळ सोय नाही. वेगळं ॲप म्हणून टाकावं तर गिऱ्हाइकांनी जुन्याला दिलेले सगळे तारे गेले. आणि प्लेवर एकदा फुकट म्हणून टाकलेलं ॲप नंतर विकतचं करता येत नाही. म्हणून दाराशी फुकट आणि आतल्या खोल्यांना कुलपं, असं सगळीकडे दिसतं. २०१६ मध्ये ॲपलनं सगळ्या प्रकारच्या ॲपना वर्गणी खुली केली आणि टिकलेल्या गिऱ्हाइकावरचा आपला वाटा दुसऱ्या वर्षापासून ३० वरून १५ टक्क्यांवर आणला. आमच्यासारख्यांचा ओढा तेव्हापासून तिकडे वळला.

सध्या मी दोन्ही ठेवलंय. वर्षाला ९९ किंवा एकदाच ४९९. ओळखीचे सगळे ४९९ देतात आणि वर ऐकवतात की महाग आहे.

सुदामानगर

फोटोंबद्दल कोणीच लिहिलं नाही. आयक्लाउडची ५० जीबी महिन्याला ७५ रुपयांना, गूगलची १०० जीबी १३० रुपयांना. घेताना वाटतं, छप्पन दुकानला दोघं खायला गेलो तर याहून जास्त जातात. पण ही वर्गणी सोडता येत नाही, कारण नातवाचं बारसं त्यात आहे. जागा भरली की वरची योजना, ती भरली की त्याच्या वरची. मी जेल रोडवरून हार्ड डिस्क आणली आणि लेकाला बसवून सगळं उतरवलं. "गुड मॉर्निंग"चे फोटो उडवल्यावर निम्मी जागा मोकळी झाली, हा भाग लेक सगळ्यांना सांगत सुटलाय.

तुकोगंज, निवृत्त

मला या चर्चेचं थोडं नवल वाटतं. "सानंद"च्या नाटकांची वर्षाची सभासद फी आपण सगळे भरतोच ना? एखादं नाटक आवडत नाही, एखाद्याला जायला जमत नाही, तरी पुढच्या वर्षी भरतो. कारण संस्था चालली पाहिजे. मी बातम्यांचं एक ॲप आणि शब्दकोड्यांचं एक, दोन्हींना वर्षाचे देतो. व्हॉट्सॲप एके काळी वर्षाला डॉलरभर मागायचं, २०१६ च्या जानेवारीत त्यांनी ते सोडलं. मी आनंदानं दिले असते.

(काका, सानंदची फी भरायला आपण स्वतः जातो, ती रात्री झोपेत कापली जात नाही. माझी अडचण तेवढीच उरली आहे.)

रामबाग, पुन्हा

सुपर कॉरिडॉरवाल्यांना प्रश्न: मी ४९९ दिले आणि तुम्ही नोकरीनिमित्त बंगळूरला गेलात, ॲप बंद केलंत, तर?

सुपर कॉरिडॉर

दुकानातून काढलं तरी ज्यांनी घेतलंय त्यांना प्लेवरून परत उतरवता येतं. अँड्रॉइड बरंच पुढे गेलं की मात्र एक दिवस ते उघडणार नाही. खरेदीच्या पानावर हे स्पष्ट लिहून ठेवलंय. तुमची वही एक्सेलमध्ये कधीही काढून घेता येते, फुकटवाल्यांनाही. त्या दाराला कुलूप लावणार नाही.

सियागंज

एक्सेलमध्ये तारीख दिवस-महिना-वर्ष अशीच ठेवा. महिना आधी आला की माझी अर्धी दुपार जाते.

सुपर कॉरिडॉर

सध्या महिनाच आधी येतो. पुढच्या अपडेटमध्ये बदलतो.